रॅम ३६०० ची, चाल २४०० ची: आखाजीच्या आधीच्या प्रकल्प नोंदी

काम: भाच्याच्या ध्वनिसंग्रहाचं मशीन. जागा: अमळनेरला माझं दुरुस्तीचं टेबल, नंतर बोरी नदीकाठचं गाव. मुदत: ३० एप्रिल, आखाजी (अक्षय्य तृतीया).

१२ एप्रिल २०२५, शनिवार

भाचा सकाळच्या एसटीनं कॅबिनेट मांडीवर घेऊन आला. वर जुनं धोतर गुंडाळलेलं, धूळ लागू नये म्हणून. गेली तीन वर्षं तो गावोगावच्या बायकांची अहिराणी गाणी रेकॉर्ड करतोय. जात्यावरची, कानबाईची, आखाजीला झोक्यावर म्हणतात ती गौराईची. म्हणणाऱ्या बहुतेक जणी सत्तरीच्या पुढच्या आहेत. दरवर्षी एक-दोन आवाज कमी होतात. त्यामुळे हे मशीन माझ्यासाठी इतर गिऱ्हाइकांच्या मशीनसारखं नाही.

मशीन मीच २०२२ च्या दिवाळीत जोडून दिलं होतं. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० चा मदरबोर्ड, रॅम ८ जीबीच्या दोन स्टिक, डीडीआर४ ३६००. आता एकेका गाण्यावर चार-पाच माइकचे ट्रॅक येतात, १६ जीबी पुरत नाही. म्हणून त्यानं मागच्या महिन्यात त्याच कंपनीची, त्याच मॉडेल नंबरची दुसरी जोडी विकत घेऊन स्वतःच लावली. तेव्हापासून टास्क मॅनेजरमध्ये स्पीड २४०० दिसतोय.

"मामा, डब्यावर ३६०० छापलंय आणि चालते २४०० वर. फसवलं ना मला?"

त्याला आधी बसवलं, पाणी दिलं, मग समजावलं. डीडीआर४ चं प्रमाण ठरवणारी संस्था जेडेक. तिच्या प्रमाणात डीडीआर४ चा वेग ३२०० पर्यंतच जातो, तोही १.२ व्होल्टवर. ३६०० हा त्या प्रमाणाबाहेरचा, कंपनीनं तपासून दिलेला वेग आहे. प्रत्येक स्टिकवर एसपीडी नावाची एक बारीक चिप असते. तिच्यात जेडेकचे सावध वेग लिहिलेले असतात, आणि शेजारी एक्सएमपी नावाचा वेगळा तक्ता असतो: ३६००, १.३५ व्होल्ट, टायमिंग (कुठल्या कामाला घड्याळाचे किती ठोके, ते) १८-२२-२२-४२. मदरबोर्ड पहिल्यांदा सुरू होताना सावध तक्ताच वाचतो. एक्सएमपी आपण बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये जाऊन चालू करायचं असतं. २०२२ मध्ये मी ते केलं होतं. नवी जोडी लागल्यावर बोर्डानं सगळं पुसून पुन्हा २४०० धरलं.

सीपीयू-झेड या मशीनची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये १२०० च्या आसपास आकडा दिसतो म्हणून तो आणखी घाबरला होता. तो खरा घड्याळाचा वेग. डीडीआर घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माहिती पाठवते, म्हणून १२०० चे २४०० होतात. हे दर महिन्याला कुणाला ना कुणाला सांगावं लागतं, आणि सांगायला मला आवडतं, कारण ते कळलं की माणसाच्या चेहऱ्यावरची फसवलं गेल्याची भावना जाते.

१३ एप्रिल, रविवार

एक्सएमपी चालू केलं, सेव्ह केलं, रिस्टार्ट. पंखे फिरले, पडदा काळा. बोर्डावरचा डीरॅमचा, म्हणजे मेमरीचा पिवळा दिवा लागला. आपोआप बंद, पुन्हा चालू. असं तीनदा झालं आणि चौथ्यांदा पडद्यावर संदेश: मेमरीची सेटिंग चालली नाही, मूळ सेटिंग लावली. परत २४००.

ही तीनदाची बंद-चालू बिघाड नाही. सुरू होताना बोर्ड प्रत्येक स्टिकशी जुळवून घेतो. तारेतून सिग्नल किती उशिरा पोहोचतो, कुठल्या क्षणी वाचला तर स्वच्छ मिळतो, हे शोधतो. याला ट्रेनिंग म्हणतात. जमलं नाही तर थोडे प्रयत्न करून तो माघार घेतो. घाईनं बटण दाबून मशीन बंद करणारे लोक नेमके इथेच चुकतात. चार स्टिक असतील तर एक-दोन मिनिटं पडदा काळा राहू शकतो. थांबायचं.

मग चारही स्टिक काढल्या. खाचांमध्ये कापसाचे बारीक तंतू. गावातलं घर सरकीच्या कोठाराला लागून आहे, हे मला माहीत होतं, पण रॅमच्या खाचेत तंतू बघायची पहिलीच वेळ. ते मऊ ब्रशनं काढले, सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसल्या. आपल्याकडे खोडरबरानं पट्टी घासायची सवय आहे, मीही पंधरा वर्षं तेच केलं. त्याचा चुरा खाचेत पडतो आणि सोन्याचा मुलामा झिजतो. आता बंद केलंय.

पुसून लावल्यावरही तेच. दिवा पिवळा, वेग २४००.

१४ एप्रिल, सोमवार

आज जयंतीची सुट्टी, दुकान बंद, म्हणून शांतपणे बसता आलं.

जुनी जोडी एकटी लावली, प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. एक्सएमपी चालू, पहिल्या फेरीत ३६००. नवी जोडी एकटी, त्याच खाचांत. तीही ३६००. म्हणजे दुकानदारानं दिलेली वस्तू खरी आहे आणि डब्यावरचा आकडाही खरा आहे. चारही एकत्र लावल्या की अडतं.

दोन स्टिक असतील तेव्हा दुसरी आणि चौथी खाचच का, हे भाच्यानं विचारलं. बहुतेक बोर्डांत एका चॅनेलच्या (प्रोसेसरकडून रॅमकडे जाणाऱ्या एका वाटेच्या) दोन खाचा एकाच तारेवर माळेसारख्या ओवलेल्या असतात. टोकाची खाच रिकामी ठेवून अलीकडच्या खाचेत स्टिक लावली तर तारेचं रिकामं शेपूट उरतं, सिग्नल तिथपर्यंत जाऊन परत आपटतो. टोकाला लावली तर शेपूट उरत नाही. दोन्ही खाचा भरल्या की प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर दुप्पट ओझं येतं. रायझन ५००० साठी अधिकृत वेग दोन स्टिकला ३२००, चारही खाचा एकपदरी (चिप्सचा एकच संच असलेल्या) स्टिकनं भरल्या तर २९३३ आणि दुपदरी असतील तर २६६७. ३६०० चा त्यात उल्लेखच नाही. दोन स्टिकवर ३६०० मिळत होतं तेच आपल्या पदरचं जास्तीचं होतं.

आणि एक गोष्ट टॉर्च लावून पाहिल्यावर दिसली. रॅमवरच्या ॲल्युमिनियमच्या कवचाखाली कडेनं डोकावलं तर जुन्या स्टिकवर आठ काळ्या चिप्स आहेत, नव्यावर चारच. दोन्ही ८ जीबी, दोन्हीचा मॉडेल नंबर एकच. नव्यातल्या चिप्स दुप्पट मोठ्या, १६ गिगाबिटच्या, रुंद जोडणीच्या, म्हणून चार पुरतात. त्यांची आतली रचना वेगळी असते, बँकांचे (आतल्या कप्प्यांचे) गट चाराऐवजी दोन, त्यामुळे काही कामांत त्या जरा हळू पडतात. कंपन्या मॉडेल नंबर न बदलता आतली चिप बदलतात. हे मला पटत नाही. डब्यावर तसं छापलं तर माणूस निवडून घेईल. दोन वेगळ्या स्वभावाच्या जोड्या एका तारेवर जुळवायच्या, ही खरी अडचण.

१५ एप्रिल, मंगळवार

पहाटे सहाला, लाइट स्थिर असताना आणि यूपीएसवर, बायोस नवीन केलं. भर दुपारी लाइटचा भरवसा नसतो आणि बायोस लिहिताना लाइट गेली तर बोर्डच जाऊ शकतो. फरक पडला नाही.

१६ एप्रिल, बुधवार

काल संध्याकाळी हातानं सेटिंग केली. मेमरी व्होल्टेज १.४०, एसओसी व्होल्टेज १.१, गिअर डाउन मोड चालू, टायमिंग जरा सैल, १८-२४-२४-४४. चार स्टिकवर विंडोज सुरू झालं. ३६०० दिसलं. मी टेबलावर थाप मारली, भाच्याला फोन केला. रात्री दहाला मेमटेस्ट८६+ हा मेमरी तपासणारा प्रोग्राम लावून झोपलो, पहाटे एक फेरी पूर्ण, चूक शून्य.

भाचा आज दुपारच्या बसनं येऊन मशीन घेऊन गेला. आखाजीला चौदा दिवस उरलेत, त्याला जुन्या कार्डांवरची सगळी रेकॉर्डिंग मोठ्या डिस्कवर हलवायची आहेत.

रात्रीची एक फेरी पुरेशी धरली, ही माझी चूक. पुढची नोंद वाचल्यावर कळेल.

१८ एप्रिल, शुक्रवार

संध्याकाळी भाच्याचा फोन. "मामा, एका गाण्यात टक् असा आवाज येतोय. मूळ रेकॉर्डिंग करताना नव्हता, मला पक्कं आठवतंय."

कुठलं गाणं, विचारलं. ज्या आजीबाई या हिवाळ्यात गेल्या त्यांचं. झोक्यावरचं गौराईचं, सलग वीस मिनिटांचं, एका दमात म्हटलेलं. आणि त्या कार्डावरची जागा त्यानं कालच मोकळी करून टाकली होती. नवीन रेकॉर्डिंगसाठी फॉरमॅट केलेलं एवढं एकच कार्ड, नऊ फायली.

मी रात्रीच्या गाडीनं गावी गेलो. वाटेत दुसरं काही सुचेना.

१९ एप्रिल, शनिवार

मशीन २४०० वर उतरवलं, कशालाही हात लावण्याआधी. मग मोजणी माझ्या जुन्या लॅपटॉपवर केली, कारण ज्या मशीनच्या मेमरीवर संशय आहे त्याच मशीनला मोजायला लावण्यात अर्थ नाही. शिल्लक कार्डांवरच्या २०३ फायली आणि डिस्कवरच्या त्यांच्या प्रती, दोन्हींचे हॅश काढले. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. फाइलमधला एक बिट बदलला तरी ठसा पूर्ण वेगळा येतो. २०१ जुळले, दोन जुळले नाहीत.

त्या दोन फायली मूळ कार्डाशी बाइट-बाइट लावून पाहिल्या. प्रत्येकीत एकच बाइट वेगळा. दोन्हीकडे फरक नेमका ६४ चा. म्हणजे आठ बिटांपैकी एकच बिट उलटला आहे, आणि दोन्ही ठिकाणी तोच. कुठल्यातरी एका तारेवर, गरम दुपारी, ३६०० च्या वेगात, शून्याचा एक वाचला गेला. कॉपी करताना फाइल आधी मेमरीत येते, मग डिस्कवर जाते. मेमरीत बिघडली की बिघडलेलीच लिहिली जाते. कुठेही सूचना येत नाही, मशीन बंद पडत नाही, निळा पडदा येत नाही. सर्व्हरमध्ये ईसीसी रॅम असते, तिथे ६४ बिटांमागे ८ बिट जादा ठेवून अशी एक बिटाची चूक पकडतात आणि दुरुस्त करतात. आपल्या घरच्या मशीनमध्ये ती पहारेकरीण नाही.

नंतर फॉरमॅट केलेल्या कार्डाची, टक् आवाजाची फाइल उघडली. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन चॅनेल, म्हणजे सेकंदाला २,८८,००० बाइट. टक् आवाज १४ मिनिटं २२ सेकंदांवर, म्हणजे साधारण २४ कोटी ८२ लाखाव्या बाइटजवळ. लाट मोठी करत करत एकेक नमुना दिसेल इतकी ताणली. सेकंदाच्या ४८,००० भागांतला एक भाग म्हणजे एक नमुना. शेजारचे नमुने नीट ओळीत, पेरलेल्या ज्वारीसारखे, आणि मधला एकच अर्ध्या पट्टीपर्यंत वर उडालेला. प्रत्येक नमुन्याच्या तीन बाइटांतल्या वरच्या बाइटचे आकडे लिहून घेतले: ३, ४, ६८, ४, ५.

६८ मधून ६४ वजा केले की ४. त्या जागी दुसरं काही असूच शकत नाही. आणि शिल्लक कार्डांवरून कॉपी केलेल्या त्या दोन फायलींत बिघडलेला बिटही हाच होता, त्यामुळे मी अंदाज बांधतोय असं मला वाटलं नाही. बाइट बदलला, फाइल वेगळ्या नावानं ठेवली, जुनीही ठेवली. हेडफोन लावून भाचा ऐकत बसला. १४:२२ गेलं. त्यानं हात वर केला, बोलला काही नाही.

त्याच कार्डाच्या उरलेल्या आठ फायलींत असा उंच उडालेला नमुना सापडला नाही. खालच्या बिटातली चूक असेल तर ती कानाला कळणार नाही आणि डोळ्यालाही दिसणार नाही. म्हणून संग्रहाच्या वहीत त्या नऊही फायलींपुढे लिहून ठेवलं: मूळ कार्ड उपलब्ध नाही, १६ ते १८ एप्रिलदरम्यान अस्थिर मेमरीवर कॉपी, एका फाइलमध्ये एक नमुना दुरुस्त केला. पुढे कुणी ही रेकॉर्डिंग अभ्यासाला घेईल त्याला हे माहीत असायला हवं.

२० एप्रिल, रविवार

आता उष्णतेची परीक्षा. दुपारी अडीचला खोलीतला तापमापक ४१. लाइट गेलेली, मशीन इन्व्हर्टरवर, कूलर बंद. चार स्टिक एकमेकींना खेटून, मधून हवा जायला जागा नाही. इन्फ्रारेड तापमापकानं कवचावर ५८ अंश. आतली चिप याहून गरम असणार.

मुद्दाम पुन्हा ३६०० लावून टेस्टमेम५ हा मेमरी तपासणारा दुसरा प्रोग्राम चालवला. चाळीस मिनिटांत तीन चुका. रात्री अकराला तेच सेटिंग, तोच प्रोग्राम, चूक शून्य. अमळनेरला रात्री केलेली माझी तपासणी इथल्या दुपारी काय सांगणार होती?

डीरॅममध्ये प्रत्येक बिट म्हणजे एक बारीक विजेची घागर, आणि ती सतत झिरपते. म्हणून दर ७.८ मायक्रोसेकंदाला भरण्याची एक आज्ञा जाते आणि पाळीपाळीनं सगळ्या घागरी पुन्हा भरल्या जातात. तापमान वाढलं की झिरपणं वाढतं. जेडेकच्या प्रमाणात ८५ अंशांच्या वर ही आज्ञा दुप्पट वेळा द्यायला सांगितलंय. आपली रॅम तिथपर्यंत पोहोचलेली नाही, पण उंबरठ्यावर चालवलेल्या सेटिंगला पाच-दहा अंशांचा फरकही पुरतो.

घरातल्या थोरल्यांनी, जिभाऊंनी, प्रेमानं कूलर मशीनच्या तोंडाशी आणून ठेवला. त्यांना हात जोडून तो परत खिडकीत लावला. वाळ्याच्या ताट्यांमधून येणारी हवा ओली असते, उघड्या बोर्डावर ती नको. त्याऐवजी कॅबिनेटमध्ये रॅमवर वारा मारेल असा एक १२० मिमीचा पंखा लावला, कवचाचं तापमान ४९ वर आलं.

२२ एप्रिल, मंगळवार

३६०० सोडलं. भाच्याला वाईट वाटलं. मलाही वाटलं, पण त्याला गणित मांडून दाखवलं.

३६०० ला टायमिंग १८ म्हणजे पहिलं अक्षर हाती यायला १० नॅनोसेकंद. ३२०० ला १६ ठेवलं तर तेही बरोबर १० नॅनोसेकंद. वाट बघण्याचा वेळ तोच. एका दमात किती माहिती वाहते तो आकडा कमी होतो: दोन चॅनेल मिळून ३६०० ला सेकंदाला ५७.६ जीबी, ३२०० ला ५१.२, आणि आता अडकलेल्या २४०० ला ३८.४. म्हणजे २४०० ते ३२०० ही झेप मोठी, ३२०० ते ३६०० ही छोटी. त्या छोट्या झेपेसाठी आपण आजीबाईंचं गाणं पणाला लावलं होतं.

सेटिंग: ३२००, १६-२०-२०-३८, १.३५ व्होल्ट, फॅब्रिकचा (प्रोसेसरमधल्या आतल्या जोडणीचा) वेग १६००, म्हणजे मेमरीच्या घड्याळाशी एकास एक. चार स्टिकला अधिकृत २९३३ च्या हे वरच आहे, म्हणून तपासणी कडक ठेवली. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, भर उन्हाची पूर्ण दुपार, कूलर बंद. टेस्टमेम५ आणि नंतर रात्रभर मेमटेस्ट८६+.

२३ एप्रिल, बुधवार

चूक शून्य. दुपारीही, रात्रीही. एका गाण्याचं पूर्ण मिक्स बाहेर काढून पाहिलं: ३६०० ला ४ मिनिटं ५ सेकंद लागले होते, आता ४ मिनिटं ११. मी अमळनेरला परतलो.

२५ एप्रिल, शुक्रवार

सकाळी सातला जिभाऊंचा फोन आला, भाचा मागून बोलतोय. "मामा, परत २४००."

क्षणभर पोटात गोळा आला. मग विचारलं, रात्री काय केलं होतं? रात्री नेहमीप्रमाणे भिंतीवरचा मेन स्विच बंद केला, पहाटे वीज गेली होती, सकाळी चालू केलं. बायोसमध्ये जाऊन तारीख काय दिसते ते वाचायला सांगितलं. तारीख १ जानेवारी.

बोर्डावरचा बटणासारखा सेल, सीआर२०३२. मेन स्विच बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं, आणि तो उतरला की कित्येक बोर्ड मूळ सेटिंगवर परत जातात. एरवी घड्याळ चुकलं की लगेच लक्षात येतं. इथे भाचा मोबाइलचं इंटरनेट जोडतो, विंडोज वेळ आपोआप बरोबर करून घेतं, त्यामुळे महिनोन् महिने कळलं नसेल. हे मला १२ तारखेलाच तपासायला हवं होतं. नवी रॅम लावली त्याच दिवशी एक्सएमपी पुसलं गेलं, आणि आम्ही दोघांनी दोष रॅमला दिला. त्यात सेलचाही वाटा असणार.

दुपारच्या बसनं सेल पाठवला, नवा, मीटरवर ३.२ व्होल्ट दाखवणारा. जुना परत मागवला.

२६ एप्रिल, शनिवार

जुना सेल आला. मीटरवर २.४ व्होल्ट. अडीच वर्षं आणि तीन उन्हाळे झाले त्याला.

भाच्यानं फोनवर माझ्या सांगण्याबरहुकूम सेल बसवला, छापील अधिकची बाजू वर. सगळी सेटिंग पुन्हा भरली. या वेळी बायोसच्या प्रोफाइलमध्ये सेव्ह केली, पेनड्राइव्हवर घेतली, आणि प्रत्येक पडद्याचा फोटो काढायला लावला. मग मेन स्विच दहा मिनिटं बंद ठेवून चालू केला. ३२००. पुन्हा बंद, अर्धा तास. ३२००.

आणखी एक सूचना दिली: लाइट येऊन स्थिर झाल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही. ट्रेनिंगच्या मधोमध लाइट गेली तर बोर्डाला वाटतं की मेमरीच चालली नाही, आणि तो पुन्हा सावध वेगावर जातो.

आज नवी जोडी जिथून घेतली त्या दुकानातही फोन केला. ते म्हणाले डबा सीलबंद होता, परत घेणार नाही. डबा सीलबंद होता हे खरं आहे. पण चारही खाचा भरल्यावर हा वेग मिळेलच असं नाही, एवढं एक वाक्य विकताना सांगायला हवं होतं. १६ जीबीच्या दोन स्टिकची एकच जोडी घेतली असती तर हे काहीच झालं नसतं. पुढच्या मशीनला मी तेच लावणार.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

पहाटे गावी पोहोचलो. घराघरांत पितरांच्या नावानं घागर भरलेली, सांजोऱ्यांचा वास. माहेरी आलेल्या लेकी निंबाच्या झाडाला झोका बांधत होत्या. भाच्यानं झाडाखाली दोन माइक लावले, झोक्याच्या दोराच्या करकरीपासून लांब.

मशीन जिभाऊंच्या ओसरीवर. "काय भाऊ, चाली ऱ्हायनं का?" जिभाऊ दर तासाला विचारून जायचे.

चाललं. कार्ड भरलं की कॉपी, मग मशीन एकदा रिस्टार्ट, मगच हॅश, म्हणजे वाचताना डिस्कवरूनच वाचलं जाईल, मेमरीत उरलेली प्रत नाही. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर. दोन्हींचा ठसा कार्डाशी जुळेपर्यंत कार्डाला हात नाही. ही पद्धत आता वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेली आहे.

दुपारी जेवणं उरकल्यावर हिवाळ्यात गेलेल्या आजीबाईंची लेक आली. आखाजीला माहेरी यायचं म्हणून आली होती, पण माहेरात आता आई नाही. तिला कुणीतरी सांगितलं होतं की तुझ्या आईचं गाणं इथल्या मशीनमध्ये आहे. भाच्यानं हेडफोन दिला तर तिनं तो नको म्हटला, सगळ्यांना ऐकू येईल असं लाव म्हणाली. स्पीकरवर लावलं. ओसरी भरली. पोरी झोका सोडून आल्या.

मी पडद्यावरचा वेळ बघत होतो. १४:१९, १४:२०. तिचं लक्ष पडद्याकडे नव्हतंच, डोळे मिटलेले होते आणि ती आईबरोबर हळू आवाजात म्हणत होती. १४:२२ सरळ गेलं. गाणं संपल्यावर ती शेजारणीला म्हणाली, "हाऊ मन्ही मायना आवाज शे." आणि पुन्हा लावायला सांगितलं.

४ मे, रविवार

आखाजीच्या दिवसाच्या ४६ फायली, दोन डिस्क, सगळे ठसे जुळले. आजीबाईंच्या गाण्याची प्रत त्यांच्या लेकीच्या मुलाच्या पेनड्राइव्हवरही दिली, ठसा तपासून.

दुपारी ३ वाजता खोली ४२, रॅमचं कवच ५०, टेस्टमेम५ तीन तास, चूक शून्य. कार्डं आता मोकळी केली.